जेजुरीच्या अर्ध्या वाटेवर

जेजुरी किती लांब, असे पुण्याच्या माणसाला विचारले तर तो सहसा किलोमीटर सांगत नाही. तो म्हणतो, "लग्न झाल्यावर गेलो होतो," नाहीतर, "थोरल्याच्या जावळाला गेलो होतो, मग काही जाणे झाले नाही." महाबळेश्वरला माणूस हवा खायला जातो, कोकणात मासे खायला जातो, जेजुरीला मात्र तो घरात काही घडले म्हणून जातो. खंडोबा ज्यांचा कुलस्वामी, त्यांच्या प्रपंचाच्या वहीत प्रत्येक मोठ्या घटनेपुढे जेजुरीची एक खेप टिपलेली असते.

माझ्या भाच्याच्या संसाराला येत्या डिसेंबरात चार वर्षे पुरी होतील. एवढ्या काळात ते जोडपे तीनदा जेजुरीला जाऊन आले आणि तिन्ही वेळा मी व आमची ही त्यांच्याबरोबर होतो. वास्तविक हा मान आमचा नव्हे. पहिल्या दोन खेपांना ज्यांनी यायचे ते आले नाहीत, म्हणून आमची वर्णी लागली. त्या तीन खेपांची ही हकीकत.

भाच्याचे लग्न डिसेंबर 2021 मध्ये नोंदणी पद्धतीने झाले. मुलगी मालेगावजवळच्या एका खेड्यातली, पुण्यात त्याच्याच कचेरीत नोकरीला. हुशार, कामसू, बोलण्यात मोकळी. पण ती आपल्यातली नव्हती आणि चिरंजीवांनी घरी सांगितले ते नोटीस देऊन झाल्यावर. माझी थोरली बहीण, आमची ताई, मुलाला एवढेच म्हणाली, "मला विचारलंस का?" त्यानंतर तिने त्या विषयावर बोलायचेच सोडले. भावोजी स्वभावाने गरीब. ताईचा आवाज चढला की ते वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात, मग ते उलटे का असेना.

सून एकदा ताईच्या घरून आपल्या आईशी फोनवर बोलली होती. तिची माहेरची बोली अहिराणी. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. मी मराठीचा प्राध्यापक, मला ते ऐकून बरे वाटले; ताईला नाही. ती गेल्यावर ताई मला म्हणाली, "शे काय नि शे काय! माणसं बोलताहेत की शेरडं हाकताहेत?" ताई मनाने वाईट नाही. पण दुखावलेले माणूस धार लावायला मिळेल त्या दगडाचा उपयोग करते.

तर नव्या नवरानवरीला जेजुरीला न्यायचे कोणी? मामा-मामींनी.

फेब्रुवारी 2022 मध्ये आम्ही निघालो. साथ ओसरत आली होती, तरी तोंडावर पट्ट्या होत्याच. हडपसर मागे पडले, की थोड्या वेळाने दिवे घाट लागतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी हाच घाट चढून सासवडला जाते. अर्ध्या चढावरून खाली पाहिले तर वडकीचा मस्तानी तलाव दिसतो, आणि पुणे मागे राहिले याची खात्री पटते. घाटमाथ्यावर हवा बदलते, माणसांची बोली बदलते. सासवडला सोपानकाकांची समाधी आहे आणि कऱ्हा आहे. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले ते याच नदीवरून, हे मी सांगू लागताच मागून भाचेसून म्हणाली, "मामा, तास सुरू झाला का?" मी गप्प बसलो. पण मुलगी मला तिथेच आवडली.

जेजुरीच्या पायथ्याशी भंडाऱ्याची दुकाने ओळीने मांडलेली. पिवळ्याधमक हळदीच्या राशी, खोबऱ्याच्या वाट्या, देवाचे टाक, घोंगड्या. गडाला नवलाख पायरी म्हणतात. प्रत्यक्षात त्या काही शेकडाच आहेत. पण साठीच्या माणसाने चढून पाहाव्या, म्हणजे लोकांनी हिशेब बरोबर केला आहे हे पटेल. वाटेत दगडी कमानी, दुतर्फा दीपमाळा, आणि हवेत हळदीचा तो कोरडा, घशाला खवखवणारा वास.

इथली एक रीत सर्वांना ठाऊक आहे. नवऱ्याने नव्या बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. आमचे भाचेबुवा दिवसभर खुर्चीत बसून संगणकावर बोटे चालवणारे. दोन पायऱ्या त्यांनी हसत चढल्या, तिसरीला त्यांचा चेहरा गंभीर झाला आणि चौथीला सूनबाई मोठ्याने म्हणाली, "मामा, खाली येऊन उभे राहा हो, आम्ही दोघं येतोय!" आजूबाजूच्या अनोळखी बायका हसल्या, कोणीतरी 'येळकोट येळकोट' म्हणून गजर केला आणि त्या गजरावर स्वार होऊन पाचवी पायरी पार पडली.

आमची ही माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काही लोकांनी आमच्या वेळी व्याख्यान दिलं होतं."

ते खरे आहे. 2004 साली आमचे लग्न झाले तेव्हा मी नवा प्राध्यापक होतो. याच पायरीवर उभा राहून मी तिला या रूढीचा सामाजिक अन्वयार्थ समजावून सांगितला आणि आम्ही दोघे आपापल्या पायांनी वर गेलो. त्या पाच पायऱ्या तेव्हापासून माझ्या नावे थकबाकीत आहेत.

अर्ध्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा ही नेवाशाच्या वाण्याची लेक, तिचे पालीला यथासांग लग्न लागलेले. बाणाई ही धनगराची. मी ही कथा सांगायला तोंड उघडले, पण भाचेसुनेने ती माझ्याकडून काढून घेतली. कारण बाणाईचे माहेर चंदनपुरी मालेगावच्या शेजारी. पौषातल्या तिथल्या यात्रेला ती लहानपणापासून जात आलेली.

"देव म्हाळसेशी सारीपाट खेळला आणि हरला," ती सांगू लागली. "मग बारा वर्षं घराबाहेर. म्हाताऱ्याचं सोंग घेऊन तो आमच्या चंदनपुरीला आला आणि बाणूच्या बापाची मेंढरं राखायला राहिला. देव असून मेंढरं राखली, मामा! मग तिला घेऊन जेजुरीला आला, तर म्हाळसा काही तिला वर घेईना. रोजची भांडणं. शेवटी देवानं गडाची वाटणी केली. वरची अर्धी म्हाळसेची, खालची अर्धी बाणाईची."

सांगताना ती हसत होती. शेवटच्या वाक्याला मात्र तिने एकदा वर, गडाकडे पाहिले.

गडावर पोहोचलो तेव्हा आवार पिवळे झाले होते. माथ्यावर भंडारा पडतो तो बोटांना, ओठांना, कपड्यांच्या शिवणींना लागतो आणि पुढे तीन धुण्यांत जात नाही. चहूबाजूंनी ओवऱ्या, देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेले प्रचंड कासव. दसऱ्याला ज्याच्या कसरती होतात तो बेचाळीस किलोंचा खंडा इथलाच. तटावरून खाली कऱ्हेचे खोरे दिसते. सोमवती अमावास्येला देवाची पालखी स्नानाला त्याच नदीवर जाते. दुसऱ्या बाजूला कडेपठारचा उंच डोंगर, देवाचे जुने ठाणे. पायथ्याला होळकर तलाव आणि त्याच्या काठचे मल्हार-गौतमेश्वर. मल्हारराव आणि गौतमाबाई या नवराबायकोची नावे एका देवळात गुंफलेली. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' हे इंग्रजी काव्य 1976 साली निघाले आणि दुसऱ्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले. तेव्हापासून ते पुस्तक हातात घेऊन इथे येणारेही पुष्कळ आहेत. देवाला त्यांचेही वावडे नाही.

आम्ही तळी भरली. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, भंडारा, खोबरे ठेवायचे आणि पाच पुरुषांनी मिळून ते 'सदानंदाचा येळकोट' म्हणत उचलायचे. घरचे आम्ही दोघेच होतो, भाचा आणि मी. उरलेले तीन हात परक्यांचे. बार्शीकडचे कोणी, एक लष्करातला जवान, एक वाघ्या. त्यांनी आनंदाने हात लावला. पण तळी उचलताना भाचा पायऱ्यांच्या दिशेने पाहत होता, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

दुसरी खेप सप्टेंबर 2023 ची.

त्या वर्षी मे महिन्यात दोघांनी फुरसुंगीकडे दोन खोल्यांचे घर घेतले. वीस वर्षांचे कर्ज. पण घर स्वतःचे. वास्तुशांतीला ताईने चांदीचा करंडा पाठवला. करंडा आला, ताई आली नाही. पुढे सुनेला दिवस गेल्याचे कळले. आम्ही दोघांनी ते कोणाला न सांगता दोन महिने जपून ठेवले, आणि ऑगस्टात, तिसऱ्या महिन्यातच सारे संपले. दवाखान्यातून आल्यावर ती चार दिवसांनी कामावर रुजू झाली. बोलणे मात्र कमी झाले. भाचा म्हणाला, "मामा, जेजुरीला जाऊन येऊ या का? घरी बसवत नाही."

दिवे घाट हिरवागार होता. सासवडच्या रस्त्याला टोपल्यांतून सीताफळे मांडली होती. पुरंदरची माती अंजीर आणि सीताफळ दोघांनाही मानवते. आमच्या हिने एक टोपली घेतली. गाडीत कोणी काही बोलत नव्हते, म्हणून मीही कऱ्हेचा विषय काढला नाही.

बाणाईच्या देवळापाशी सून थांबली.

"तुम्ही जा वर," ती म्हणाली. "मी इथंच बसते."

"पाय दुखतात का?" मी विचारले. माझे प्रश्न नेहमी असे पुस्तकी असतात.

"नाही मामा. हिलाही वर कोणी बोलवत नाही. आम्ही दोघी बसतो इथं."

भाचा काही बोलायला गेला. आमच्या हिने त्याला डोळ्यांनी थांबवले आणि ती सुनेशेजारी पायरीवर बसली. आम्ही दोघे पुरुष वर गेलो. भाच्याने देवापुढे भंडारा वाहिला आणि कितीतरी वेळ तो नुसता उभा राहिला. तळी भरण्याचे नाव त्याने काढले नाही, मीही काढले नाही. उतरून आलो तर दोघी एकाच सीताफळातले गर काढून खात बसल्या होत्या आणि बिया एका रुमालावर नीट मांडून ठेवल्या होत्या.

त्याच संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ती मेथी निवडत होती. मी सारे सांगितले. दिवस गेल्याचे सांगितले, संपल्याचे सांगितले, आणि अर्ध्या वाटेवर सून काय म्हणाली तेही शब्दाला शब्द सांगितले. मला वाटले, ती चिडेल, किंवा रडेल. तिने दोन्ही केले नाही. फक्त मेथीची पाने आणि देठे एकाच ताटात पडू लागली. भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले, ते मी माझ्या आठवणीत पहिल्यांदाच पाहिले.

"मला कोणी सांगितलं का नाही?" ताई शेवटी म्हणाली.

"तू विचारलंस का?" मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. पण ते शब्द तिचेच होते. तिने ते ओळखले.

मध्ये सहा महिने गेले. मार्च 2024 मध्ये सुनेला पुन्हा चौथा महिना लागला होता. एके दिवशी ताईने मला बोलावून मोरावळ्याची बरणी हातात दिली. "तिला दे. सकाळी अनशापोटी घ्यायला सांग. माझं नाव सांगू नकोस." मी अर्थातच सांगितले. पुढच्या आठवड्यात रिकामी बरणी परत आली. ती रिकामी नव्हती; आत मालेगावच्या डाळिंबांचे दाणे होते. रिकामे भांडे परत पाठवू नये, ही रीत दोन्ही घरी सारखीच निघाली. त्यानंतर त्या बरणीने इतक्या येरझाऱ्या घातल्या की तिचे झाकण ढिले झाले. सप्टेंबरात मुलगी झाली. बारशाला ताई आली, आणि पाळण्याची दोरी तिनेच ओढली. सुनेशी मात्र तिचे बोलणे तेव्हाही कामापुरतेच होते. भांड्यांतून बोलणे सोपे, तोंडाने कठीण.

तिसरी खेप यंदाच्या मार्चमधली. मुलीला सातवा महिना लागला होता. जावळ काढायचे, तेही जेजुरीलाच, हे ताईने ठरवले. जावळ मामाच्या मांडीवर निघायचे. तेव्हा सुनेच्या भावाला मालेगावहून बोलावणे गेले. "मामा कुठला का असेना, मामा तो मामा," ताई म्हणाली. हे वाक्य तिने माझ्याकडे पाहून का म्हटले कोण जाणे.

मामा रात्रीच्या एस.टी.ने डाळिंबांची पेटी घेऊन आला. शेतकरी गडी, अंगाने दांडगा, पण लाजरा. ताईने त्याला सकाळी पोहे वाढले आणि दोनदा वाढले. तो प्रत्येक वेळी "बस झालं, आई" म्हणत होता.

पायथ्याशी न्हाव्यासमोर तो मांडी घालून बसला, मांडीवर भाची. मला 1995 साल आठवले. मी अठरा वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आम्ही मिरजेकडच्या पॅसेंजरने जेजुरीला आलो होतो आणि याच ठिकाणी माझ्या मांडीवर वर्षाच्या भाच्याचे जावळ निघाले होते. त्याने माझी नवी विजार भिजवली होती. आज तोच भाचा कपाळाला आठ्या घालून न्हाव्याच्या वस्तऱ्यावर लक्ष ठेवून होता. "जपून हो," तो दर अर्ध्या मिनिटाला म्हणत होता. जावळ आत्याने झेलायचे. छोटीला आत्या नाही. ताई पुढे झाली, खाली बसली आणि तिने पदर पसरला. मामाच्या गुडघ्याला गुडघा लागलेला, छोटी रडते आहे, आणि ते मऊ काळे केस ताईच्या पदरात पडताहेत. इतक्या जवळ ती दोन घरे त्याआधी कधी बसली नव्हती.

मग गड चढायला लागलो. ताईचे गुडघे आधीच बोलू लागले होते. भाचा म्हणाला, "आई, उचलू का?"

"मेल्या, बायकोला उचललंस तेवढं पुरे," ताई म्हणाली. सगळे हसलो. तीन वर्षांपूर्वीची ती गोष्ट तिला कोणी सांगितली होती ते मी इथे लिहीत नाही.

थांबत थांबत आम्ही बाणाईच्या देवळापाशी आलो. ताई पायरीवर टेकली. तिने घाम पुसला, देवळाकडे पाहिले, आणि म्हणाली, "तुम्ही जा वर. मी इथंच बसते."

सून जागच्या जागी उभी राहिली. मला माझ्याच छातीतले ठोके ऐकू येऊ लागले. सून म्हणाली, "मग मीही बसते तुमच्याजवळ."

"नाही," ताई म्हणाली. "तू वर जायचं. मागल्या खेपेला तुझं वर जाणं राहिलंय." जरा थांबून ती म्हणाली, "मला सगळं कळलंय. पोर माझ्याकडे दे. झोपलीय, वर ऊन आहे. देव काही पळून जात नाही. मोठी झाली की आपल्या पायांनी चढेल."

सुनेने मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. दोघींपैकी कोणी कोणाच्या पाया पडले नाही, कोणी डोळे पुसले नाहीत. सुनेने फक्त आपल्या ओढणीने मुलीच्या तुळतुळीत डोक्यावर सावली केली आणि ताईने ती ओढणी नीट खोचून घेतली.

वर आम्ही तळी भरली. भाचा, भावोजी, मालेगावचा मामा आणि मी. घरचे चार हात झाले. पाचवा हात एका वाघ्याचा. 'सदानंदाचा येळकोट' म्हणताना भावोजींचा आवाज सर्वांत मोठा होता. या गृहस्थाला एवढा आवाज आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते. सूनबाईने मूठभर भंडारा उधळला तो वाऱ्याने परत येऊन तिच्याच केसांत बसला.

मी सर्वांच्या आधी उतरलो. छोटी उठली असेल, ताई एकटी आहे, असे मनात आले. देवळाच्या चार पायऱ्या वर होतो तोच मला ताईचा आवाज ऐकू आला. छोटी जागी झाली होती आणि अनोळखी जागा पाहून रडायच्या बेतात होती. ताई तिला उंच धरून म्हणत होती,

"काय शे, बाळा? काय शे? आजी शे इथं!"

छोटी खुदकन हसली. ताईने पुन्हा म्हटले, पुन्हा ती हसली. मी न बोलता तिथेच थांबलो. पण थोरल्या बहिणींना पाठीलाही डोळे असतात.

"काय बघतोस रे?" ती न वळता म्हणाली. "आईची बोली आहे तिच्या. तीच कळते पोरीला."

तेवढ्यात बाकीची मंडळी हसत-बोलत उतरून आली. ताईचा आवाज आणखी कोणाच्या कानावर पडला की नाही, मला सांगता येणार नाही. सून मात्र मुलीला घेताना ताईच्या शेजारी, त्याच पायरीवर, टेकली ती दहा मिनिटे उठली नाही.

परतताना सासवडला अंजीर घेतले. दिवे घाट उतरताना खाली पुण्याचे दिवे लागलेले दिसत होते. आमच्या हिने माझ्या शर्टावरचा भंडारा झटकला आणि हळूच म्हणाली, "सगळ्यांचं सगळं फिटलं. पाच पायऱ्या तेवढ्या राहिल्यात, बरं का."

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि माझी कंबर अधूनमधून धरते. पण जेजुरीला जायला निमित्त लागते, आणि ते एक निमित्त आमच्या घरात अजून शिल्लक आहे.